पंडितभाऊ आणि तिसरं मशीन

पंडितभाऊ महाजनांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते एका काळ्या कपाटाला म्हणत होते, "थांब रे बाबा, आणतो तुझं." हातात पुठ्ठ्याच्या खोक्यातली टेप होती आणि चेहरा अगदी गंभीर. मला वाटलं, झालं, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या उकाड्यानं आणखी एक माणूस कामातून गेला. मी मिलमध्ये तेव्हा नवी होते. डिस्पॅचच्या खिडकीत बसून माल सोडायची चलनं काढायचे, आणि एक चलन अडकलं म्हणून भांडायला वर गेले होते. "चपला बाहेर काढा, ताई," एवढंच ते मला म्हणाले आणि पुन्हा कपाटाकडे वळले.

ते कपाट म्हणजे आमच्या मिलचा कॉम्प्युटर. आमची मिल डाइंग-प्रिंटिंगची. कोरं कापड येतं, इथे रंगतं, छापलं जातं, फोल्डिंगला त्याच्या घड्या होतात आणि ट्रकमधून बाजारात जातं. कुठला लॉट कुणाचा, कुठल्या रंगाचा, कुठल्या ट्रकमध्ये चढायचा, सगळं त्या कपाटाच्या पोटात. ते रुसलं की माल तयार असूनही गेटच्या बाहेर पडत नसे. लॉट नंबर नाही तर चलन नाही, आणि चलन नाही तर वॉचमन साक्षात शेठजींनाही सोडणार नाही, असा आमच्याकडे नियम. सगळी मिल त्याला 'मोठं मशीन' म्हणायची.

पंडितभाऊ काही इंजिनिअर नव्हेत. पारोळ्याकडचा माणूस, बारावी झालेला, एकोणिसाव्या वर्षी मामाबरोबर सुरतेला येऊन फोल्डिंगला लागलेला. मोठं मशीन आलं तेव्हा त्याच्या काचेच्या खोलीसाठी मोठ्या शेठना असा माणूस हवा होता की जो तंबाखू खात नाही आणि धूळ आत आणत नाही. तीनशे माणसांत असा हा एकटाच निघाला. झाडायला-पुसायला म्हणून आत गेले ते टेपा बदलायला शिकले, मग पडद्यावरचे इंग्रजी निरोप ओळखायला शिकले, मग मशीन बंद करायचं आणि चालू करायचं शिकले. चालू करायच्या अकरा पायऱ्या होत्या. त्या त्यांनी वहीत मराठीत लिहून ठेवल्या होत्या, आणि मुंबईहून येणारा कंपनीचा इंजिनिअरही हळूच ती वही मागून घ्यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव सांगत नाही.

वीस वर्षं हा माणूस त्या मशीनला बांधलेला. बायको मंगलाबाई घरी साड्यांना स्टोन लावायची, ती मला त्या मशीनवरून अहिराणीत म्हणायची, "मनी सवत वातानुकूलित शे." हसून म्हणायची, पण धाकट्या दिराच्या लग्नात हळदीला नवरा नव्हता, हे ती विसरली नव्हती. हळदीच्याच दिवशी मोठं मशीन अडलं आणि पंडितभाऊ अमळनेर स्टेशनावरूनच परत फिरले होते. मी त्यांना तेव्हा चांगलं सुनावलं होतं. ते म्हणाले, "ताई, माझ्याशिवाय ते कोणाला समजतं का?" खरं तर त्यांना तेच आवडायचं. गल्लीत 'कॉम्प्युटरवाले पंडितभाऊ' म्हणून मान होता आणि तो मान त्यांना फार प्यारा होता. कुणाला नसतो?

वर्षातून एकदा मात्र ते मशीन आपण होऊन बंद करत. खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यार-अवजार धुऊन पुसून पुजायचं आणि त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. मोठ्या शेठना हे फार पटलं होतं. दुपारी बरोबर बाराला मोठं मशीन बंद व्हायचं, सगळी मिल त्या काचेच्या खोलीसमोर गोळा व्हायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ मात्र बाहेर जिन्यावर फोडायचा. पाऊण तासानं मशीन चालू. तेवढा वेळ चलन निघायचं नाही आणि कुणी कुरकुरायचं नाही. ट्रकवालेसुद्धा खोबरं खायला वर यायचे.

मोठे शेठ गेले आणि त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव केयूरभाई आले. मुलगा वाईट नाही हं. बाहेर शिकून आलेला, हिशोबी, पण कुणाला टाकून बोलणार नाही. त्यानं पहिल्याच वर्षी मोठ्या मशीनचे कागद काढले आणि कपाळाला हात लावला. भाग ते बनवणाऱ्या विदेशी कंपनीचेच, दुरुस्ती त्याच कंपनीची, आणि ती कंपनी सांगेल तो भाव. बाजारात दुसऱ्याकडून साधा पंखा घेऊन बसवायचा म्हटलं तरी मशीन तो चालवून घेत नसे. नाकापेक्षा मोती जड झाला होता. केयूरभाईनं रिंग रोडवरच्या एका छोट्या कंपनीला बोलावलं आणि त्या कंपनीनं पाठवलं प्रियांकाला.

प्रियांका म्हणजे आमचीच पोर. आईबाप चोपड्याकडचे, पण जन्म इथला, सुरतेतल्या उधन्याचा. केयूरभाईशी गुजराती, फोनवर हिंदी, आणि अहिराणी तेवढी आई रागावली तरच. स्कूटरवर आली, तिच्या मागून टेम्पोत तीन खोकी आली. त्यांतून निघाले तीन चपटे डबे. एकावर एक रचले तरी माझ्या गुडघ्याला लागेनात.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच, आंटी," ती म्हणाली. "आत तेच सामान आहे जे घरच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, फक्त दणकट. कुणाकडूनही घ्या, कुठलाही भाग बदला. पूर्वी मोठ्या धंद्याला मोठंच मशीन लागायचं. आता साध्या मशीनची ताकद इतकी वाढलीय की चांगले मोठमोठे धंदे यावर चालतात."

पंडितभाऊ तिथेच उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे बिघडलं तर कोण येणार?"

"कोणी यायची गरज नाही, काका. तिघांवर तेच काम आहे. एक पडला तर बाकीचे दोघे ओढतात, खाली कुणाला कळतही नाही. मग सावकाश बाजारातून नवा आणायचा आणि लावायचा."

पंडितभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे ह्या बदलीवाला शेतस." आमच्या खात्यांत कुणी गावाला निघाला की आपल्या जागी भाऊ, साडू, कुणीतरी उभा करून जातो, त्याला बदली म्हणतात. पंडितभाऊंना वीस वर्षांत बदली मिळाला नव्हता. मी प्रियांकाला ते समजावून सांगितलं, तर ती टाळी वाजवून म्हणाली, "एकदम करेक्ट, काका! आमच्या सरांनासुद्धा असं सांगता येत नाही." पंडितभाऊंना हसू आलं नाही. त्यांना पुढचं दिसलं असणार.

पुढचं केयूरभाईनं स्वतःच सांगितलं, आडपडदा न ठेवता. जुनं आणि नवं तीन महिने जोडीनं चालेल, मग जुनं जाईल. दिवाळीपर्यंत नवी मशीनं नीट चालली तर त्या खोलीत माणूस ठेवायचं कारण नाही. पंडितभाऊंना फोल्डिंगला परत पाठवायचं. पगार तोच.

पगार तोच! एक्कावन्न वर्षांच्या माणसानं दहा-दहा तास उभं राहून साड्यांच्या घड्या घालायच्या, तेही जिथून वीस वर्षांपूर्वी वर गेला तिथेच. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी चार चलनं चुकवली. मंगलाबाईनं मात्र डोकं थंड ठेवलं. "कोन्ही मरनं का? मग रडस काब्र? कशाले?" असं नवऱ्याला म्हणाली आणि दारात बसून स्टोन लावू लागली. रात्री भाकरी मात्र तिनं दोनदा करपवली, हे मला शेजारच्या सुंदरानं सांगितलं.

मी पंडितभाऊंना म्हणाले, "त्या डब्यांना हातसुद्धा लावू नका. पडू दे बंद. मग कळेल केयूरभाईला." मी अशीच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ते माझं ऐकतील तर ना! ते प्रियांकाच्या मागे मागे फिरायचे, विचारायचे, वहीत लिहायचे. एक डबा उतरवायचा म्हणजे बंद कसा करायचा, पुसायचा कसा, परत चढवायचा म्हणजे चालू कसा करायचा, हे तिनं त्यांना शिकवलं आणि ते महिन्यातून एकदा एकेकाला उतरवून साफ करू लागले. खाली मला कधी कळलंही नाही. आषाढात मोठं मशीन भंगारात गेलं. सहा माणसांनी ते जिन्यावरून उतरवलं. पंडितभाऊ त्यांना "हळू, कोपरा सांभाळा" म्हणत टेम्पोपर्यंत गेले. तोडायला निघालेल्या वस्तूचा कोपरा कशाला सांभाळायचा, हे त्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही.

मग आली खंडेनवमी. दिवाळी तीन आठवड्यांवर, सुरतेत या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. गेटवर अकरा ट्रक उभे, माझ्या खिडकीसमोर ड्रायव्हरांची ही गर्दी. बारा वाजून गेले होते. मी एका चलनाचं बटण दाबलं आणि पडदा जागच्या जागी थिजला. शेजारच्या टेबलावर तेच. खाली रंगाच्या खात्यातून फोन आला, त्यांचंही तेच. दहा मिनिटांत सगळी मिल ओरडायला लागली. केयूरभाई सुरतेबाहेर सचिन गावी त्यांच्या सख्ख्या काकांच्या मिलमध्ये गेले होते, त्यांना फोन गेला. प्रियांकाला फोन गेला. मी तणतणत वर गेले.

काचेच्या खोलीत पंडितभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून जमिनीवर बसले होते. तिन्ही डबे लख्ख पुसलेले. दोघांना हळदकुंकू लागलं होतं, त्यांचे दिवे विझलेले. तिसऱ्याचा दिवा चालू होता. शेजारी नारळ, फुटाणे, आणि ओळीनं मांडलेले बरेच द्रोण. लोक येतील म्हणून मांडलेले.

"पंडितभाऊ! काय केलंत हे? खाली आग लागलीय!"

"ताई, आज खांडेनवमी शे ना," ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून उभे राहिले. "काय व्हयनं?"

"सगळं बंद पडलंय! तुम्ही बंद केलंत?"

"दोन्हीच तं करेल शेतस. तिसरा चालू शे, देख."

त्यांचं काय चुकलं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. एकेकाला पुजून परत चालू केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण पंडितभाऊंना ते पटेना. ते मला म्हणाले, "त्या तिन्ही भाऊ शेतस. एकले पंगतमा बसाडीसन बाकीनास्ले उभं कसं ठेवू?" तिघांना एका पंगतीला बसवायचं, म्हणून एकापाठोपाठ एक उतरवत चालले होते. एक उतरवल्यावर खिडकीतून खाली पाहिलं, मिल व्यवस्थित चालू. दुसरा उतरवला आणि कुंकू लावायला बसले. पण तिघांतले दोघे गेले की उरलेला एक काम करत नाही, तसंच त्याला घडवलेलं असतं. एकट्याला कळायला मार्ग नसतो की बाकीचे गेले की आपणच तुटलो, म्हणून चुकीचं काही लिहिण्यापेक्षा तो गप्प राहतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येईल असं कुणाला वाटणार?

प्रियांकानं फोनवरून सांगत सांगत त्यांच्याकडून दोन्ही मशीनं परत चढवली. पंडितभाऊंचं एकही बटण चुकलं नाही. पंचावन्न मिनिटं लागली. शेवटी शेवटी ती स्वतः येऊन पोचली, आणि तिच्या पाठोपाठ केयूरभाई जिना चढले.

"शुं थयुं?" त्यांनी विचारलं.

प्रियांकानं एकदा पडद्याकडे पाहिलं. सगळं त्यात लिहिलेलं होतं, कुठलं मशीन किती वाजता कुणी उतरवलं ते. मग तिनं त्या दोन डब्यांवरच्या हळदकुंकवाकडे पाहिलं, द्रोणांकडे पाहिलं. आणि ती पोर गुजरातीत म्हणाली, "मशीन आपोआप बंद पडलं, सर. कारण शोधावं लागेल."

मी तिथे होते. मला खरं माहीत होतं आणि मी तोंडात मूग गिळून उभी राहिले. मला आनंद झाला म्हणा ना.

केयूरभाईनं खिडकीतून खाली खोळंबलेल्या ट्रककडे पाहिलं. मग म्हणाले, "आज सकाळीच सचिनला माझ्या काकांना मी सांगत होतो की तुमच्याकडेही हीच मशीनं घ्या. ते थांबवतो. तुझ्या कंपनीची माणसं उद्या येऊन हे तिन्ही खोलून बघू देत." आणि पंडितभाऊंकडे वळून हिंदीत म्हणाले, "काका, बिघडलं तर कोण येणार, ही तुमची शंका बरोबर होती. अशा मशीनवर मिल सोडून चालणार नाही. आप यहीं रहेंगे. फोल्डिंग-बिल्डिंग काही नाही."

झालं! ज्यासाठी त्या माणसाचे सहा महिने झोपेविना गेले होते, ते बसल्या जागी हातात आलं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त मान हलवायची होती. मी मनात म्हणत होते, हलवा हो, पंडितभाऊ, हलवा.

त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"शेठ," ते हिंदीत म्हणाले, "मशीन की कोई गलती नहीं है. वो बराबर चला. दो मशीन मैंने बंद किया, पूजा के लिए."

केयूरभाईनं प्रियांकाकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "काका, मशीन बराबर है तो फिर यहाँ आदमी का काम नहीं रहता. समझे?"

"समझा, शेठ."

"दिवाली के बाद मिल खुले, लाभपाचम से, फोल्डिंग में. चेकिंग के टेबल पे बैठना, वहाँ कुर्सी है." आणि जाता जाता दारात थांबून प्रियांकाला म्हणाले, "सचिनला माझ्या काकांच्या मिलचं काम पुढे चालू दे." ते जिना उतरून गेले.

प्रियांका रडायलाच लागली. गुजराती नाही, हिंदी नाही, जी बोली ती फक्त आईची ऐकायची त्याच बोलीत म्हणाली, "काका, काब्र सांगं तुम्ही?"

"बेटा, तू मनासाठे खोटं बोलनी, तुना उपकार शेतस," पंडितभाऊ म्हणाले. "पन सकाय त्या लोके येतीन, चांगला मशीन खोलतीन आनि नही ती चूक शोधत बसतीन. शे ती चूक सापडस. नही शे ती कशी सापडी?"

मी त्यांच्यावर आयुष्यभर चिडत आले. तेव्हाही चिडले, मनातल्या मनात म्हटलं, एवढा शहाणपणा आज दाखवायचा होता? आणि मग मला माझीच लाज वाटली. त्या पोरीची नोकरी, सचिनच्या मिलचं काम, चांगली मशीनं, यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फक्त आमचा माणूस खोलीत राहायला हवा होता. त्यांना राहायचं नव्हतं असं थोडंच आहे? त्यांचे डोळे मला दिसत होते.

खालून माझ्या नावानं हाका चालल्या होत्या. अकरा ट्रक खोळंबले होते आणि चलनं मलाच काढायची होती. मी निघाले तेव्हा प्रियांका डोळे पुसून पडद्यासमोर बसली होती आणि पंडितभाऊ पुन्हा जमिनीवर बसत होते. त्यांनी कुंकवाची वाटी जवळ ओढली.

"बेटा, ह्या तिसराले लावानं राही गयं," ते म्हणाले. "चालू ऱ्हाऊ दे त्याले, बंद नको करू. तसंच लावस."